गायकाच्या नावाने निघालेला वाद्यवृंद

नोव्हेंबर २०१३ मध्ये रॉबी विल्यम्सचा 'स्विंग्ज बोथ वेज' हा अल्बम ब्रिटनच्या विक्रीयादीत पहिला आला. त्या यादीच्या इतिहासातला तो हजारावा अव्वल अल्बम होता. पुढच्या वर्षी हा पॉप गायक युरोपापासून ऑस्ट्रेलियापर्यंत स्विंगचा, म्हणजे जुन्या जॅझ नृत्यसंगीताचा, दौरा करून आला. अंगात सूट, मागे पितळी वाद्यांच्या रांगा, असा थाट. २००१ मध्ये 'स्विंग व्हेन यू आर विनिंग'च्या वेळी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याने हेच केले होते. अशा दौऱ्यांबद्दल ऐकणाऱ्यांत दोन तट पडतात. एक म्हणतो, सिनात्राचे कपडे घालून कोणी सिनात्रा होत नाही, ही सगळी नक्कल आहे. दुसरा म्हणतो, चला, गाण्याचे चांगले दिवस पुन्हा आले.

सी. रामचंद्र ऊर्फ अण्णा यांच्या 'अलबेला' या चित्रपटाचा विषय निघाला की आपल्याकडेही हेच दोन तट दिसतात. एकाच्या मते ही अण्णांची उचलेगिरी, खरे अण्णा 'अनारकली'त सापडतात. दुसरा डोळे मिटून 'काय ते दिवस' म्हणतो आणि तिथेच थांबतो.

मला ही दोन्ही मते उथळ वाटतात, कारण दोन्ही चुकीच्या माणसाकडे पाहतात. स्विंग गायकाच्या गळ्यात तयार होत नाही, वादकांच्या रांगांत तयार होते. म्हणून स्विंगच्या कोणत्याही दौऱ्याला, मग तो रॉबी विल्यम्सचा असो की आपल्या जुन्या गाण्यांचा, विचारण्याचे प्रश्न तीन आहेत. मागच्या रांगांत माणसे किती आहेत? त्यांच्यासमोरचा कागद कोणी लिहिला? आणि या सगळ्यांची नावे कुठे आहेत? गायकाचा आवाज सिनात्रासारखा लागतो का, हा प्रश्न त्यानंतरचा.

१. रांग कशासाठी लागते

स्विंगमध्ये एका मात्रेचे दोन भाग कागदावर सारखे लिहिलेले असतात. वाजवताना पहिला लांबतो आणि दुसरा आखडतो. किती लांबवायचा याचा एक आकडा नाही. लय संथ असेल तर दोन भागांतला फरक मोठा राहतो, लय चढत गेली की ते जवळजवळ सारखे होतात. डबल बासवाला प्रत्येक मात्रेवर एक एक पाऊल टाकत चालतो, ड्रम्सवाल्याची हाय-हॅट दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर मिटते, आणि एकल वादक मात्रेच्या अंमळ मागे रेलून वाजवतो. यातले काहीही स्वरलिपीत नीट उतरत नाही. केरव्याचे बोल वहीत लिहून घेतल्याने ठेक्याचे वजन हाती येत नाही, हे तबला शिकलेल्या कोणालाही ठाऊक असते.

आता हेच मोठ्या वाद्यवृंदात कसे होत असेल ते पाहा. पाच सॅक्सोफोन, चार ट्रम्पेट, तीन-चार ट्रॉम्बोन आणि खाली पियानो, गिटार, बास, ड्रम्स. सोळा-सतरा माणसे. पाच सॅक्सोफोनवाल्यांना एकच वाक्य वाजवायचे आहे. प्रत्येकाने तो लांबलेला अर्धा भाग सारखाच लांबवला पाहिजे, श्वास एका जागी घेतला पाहिजे आणि शेवटचा स्वर एकदम सोडला पाहिजे. कोणी एक केसभर आधी सुटला तर त्या वाक्याचा डौल जातो. असा मेळ एका तालमीत जमत नाही. काउंट बेसीच्या वाद्यवृंदात फ्रेडी ग्रीन १९३७ मध्ये आला आणि १९८७ मध्ये मरेपर्यंत तिथेच गिटार वाजवत राहिला. त्याने एकल वादन जवळजवळ केलेच नाही. प्रत्येक मात्रेवर एक आघात, एवढेच त्याचे काम. बेसीचे स्विंग कशाने उभे आहे असे विचारले तर जाणते लोक त्याच्याकडे बोट दाखवतात.

गायक या चालत्या लयीवर स्वार होऊ शकतो, तिच्याशी खेळू शकतो, तिला अडवून पुन्हा मोकळी सोडू शकतो. उत्तम गायक हे फार सुंदर करतात. पण खाली ती लय कोणीतरी चालवत असावी लागते. साऱ्या युक्तिवादाचा पाया हा आहे आणि तो केवळ कारागिरीचा आहे.

२. पोस्टरवर आधी कोणाचे नाव होते

स्विंगच्या भरभराटीच्या काळात हा क्रम लोकांना माहीत होता. २१ ऑगस्ट १९३५ रोजी लॉस एंजेलिसच्या पॅलोमार बॉलरूममध्ये बेनी गुडमनच्या वाद्यवृंदाला जो प्रतिसाद मिळाला तिथून स्विंगचे युग मोजतात. पाटीवर गुडमनचे नाव होते. हेलन वॉर्ड ही त्याची गायिका ठरलेल्या गाण्यांपुरती उठायची आणि गाऊन झाले की खुर्चीवर बसायची. एला फिट्झजेराल्ड प्रसिद्ध झाली ती चिक वेबच्या वाद्यवृंदाची गायिका म्हणून. वेब हा ड्रम्स वाजवणारा. सिनात्राही आधी हॅरी जेम्सकडे आणि मग टॉमी डॉर्सीकडे पगारी गायक होता, आणि लांब ओळ एका दमात कशी ओढायची हे तो डॉर्सीचे ट्रॉम्बोनवादन पाहून शिकला. म्हणजे ज्याच्या गायकीची आज नक्कल होते, तो स्वतः वाद्याची नक्कल करत होता.

या पाटीमागे आणखी एक नाव झाकलेले असे. गुडमन जे वाजवत होता त्यातला मोलाचा भाग फ्लेचर हेंडरसनने लिहिलेला होता. हेंडरसन कृष्णवर्णीय, स्वतःचा नामांकित वाद्यवृंद असलेला, पण पैशाच्या ओढगस्तीत सापडलेला. त्याने रचना विकल्या आणि गोऱ्या वाद्यवृंदाने त्या रेडिओवरून देशभर पोचवल्या. सॅक्सोफोनच्या रांगेने प्रश्न टाकायचा आणि पितळी रांगेने उत्तर द्यायचे, ही घडण हेंडरसन आणि त्याचा सहकारी डॉन रेडमन यांनी विसाच्या दशकात बसवली होती. स्विंगच्या पाटीवर मालकाचे नाव आणि कागदावर दुसऱ्याचा हात, ही रीत इतकी जुनी आहे. तेव्हा 'पूर्वी न्याय होता, पॉप गायकांनी बिघडवले' असे मी म्हणत नाही. पूर्वीही अन्याय होता, मात्र निदान वाद्यवृंद नजरेसमोर होता.

३. गायक पुढे कसा आला

गायक पुढे आला तो लोकांची आवड बदलली म्हणून, असे सर्रास सांगितले जाते. खरी कारणे जास्त रुक्ष आहेत. १ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. तबकड्या वाजतात, पैसे कंपन्यांना मिळतात आणि जिवंत वादकाचे काम मात्र जाते, ही तक्रार होती आणि ती खरी होती. सगळ्या मोठ्या कंपन्यांशी समझोता व्हायला नोव्हेंबर १९४४ उजाडला. गायक त्या संघटनेत नव्हते. कंपन्यांनी गायकांना उभे केले आणि वाद्यांच्या जागी मागे कोरस गाऊ लागला. युद्धामुळे वादक सैन्यात गेले, नृत्यगृहांवर कर बसला, प्रवास महागला. लढाई संपता संपता वाद्यवृंद मोडू लागले आणि गायक तारे झाले.

याचा पुरावा एका तबकडीवर छापलेला आहे. सिनात्राने १९३९ मध्ये हॅरी जेम्सच्या वाद्यवृंदाबरोबर गायलेले 'ऑल ऑर नथिंग अॅट ऑल' तेव्हा जेम्सच्या नावाने निघाले आणि फारसे खपले नाही. बहिष्काराच्या काळात, १९४३ मध्ये, तेच ध्वनिमुद्रण सिनात्राचे नाव पुढे करून पुन्हा बाजारात आणले आणि ते तुफान चालले. आवाज तोच, वादक तेच, बदलला तो फक्त लेबलवरचा क्रम. वादकांनी आपल्या पोटासाठी केलेल्या लढ्याची किंमत अशी वादकांनीच मोजली, हे वाचून मला दर वेळी वाईट वाटते. आजचा पॉप गायकाचा स्विंग दौरा त्या १९४३ च्या लेबलाचा वारस आहे, १९३५ च्या पॅलोमारचा नव्हे.

४. मुंबईत तीच गोष्ट, वेगळ्या वाटेने

मुंबईला स्विंग सिनेमामुळे आले नाही. लिऑन अॅबी आपला कृष्णवर्णीय वाद्यवृंद घेऊन १९३५ मध्ये ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागून क्रिकेट स्मिथ आला, टेडी वेदरफोर्ड आला. ते स्वतःच्या देशात जिथे पुढच्या दाराने शिरू शकत नव्हते तशा जागी इथे वाजवत होते, आणि त्यांच्या शेजारी बसून गोव्याची पोरे शिकत होती. फ्रँक फर्नांड त्यांतलाच, कुडचड्याचा. पुढे त्याने 'आमचें नशीब' आणि 'निर्मोण' हे कोंकणी चित्रपट काढले. आणि हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ, ज्याला सगळी मुंबई चिक चॉकलेट म्हणून ओळखे. त्याचा ट्रम्पेट आणि त्याचे घोगरे गाणे ऐकून लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत.

गोवेकरच का, याचे उत्तर पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या संगीतशाळांत आहे. तिथे मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला लहानपणीच शिकवत. मुंबईत धोबी तलाव-गिरगावच्या कुडांत, म्हणजे गोवेकरांच्या गाववार सामाईक निवासांत, उतरलेला असा मुलगा कोणताही कागद समोर ठेवला की वाजवू शके. हॉटेलांना हेच हवे होते, आणि पुढे सिनेमालाही.

हॉटेलांकडून सिनेमाकडे हे लोक वळले त्याचे एक कारण १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा. दारू बंद झाली, रात्रीचे क्लब ओस पडले आणि वाद्यवृंद सुटले. त्याच सुमाराला हिंदी चित्रपटाचे वाद्यमेळ फुगत होते. संगीतकार पेटीवर चाल बसवी. ती सिटिंगमध्ये ऐकून व्हायोलिनच्या रांगेला काय, ट्रम्पेटला काय, मुखड्याआधी किती मात्रांचा तुकडा आणि दोन अंतऱ्यांमध्ये कोणते वाद्य बोलेल, हे कागदावर उतरवणारा बहुधा गोवेकर अरेंजर असे. सेबास्टियन डिसोझा फाळणीपूर्वी लाहोरच्या हॉटेलात वाजवत होता. मुंबईत येऊन त्याने शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या वाद्यमेळाला आकार दिला. माजोर्ड्याचा अँथनी गोन्साल्विस व्हायोलिनवादक, प्यारेलालचा गुरू. त्याने १९५८ मध्ये सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या आवारात भारतीय रागांवर लिहिलेले संगीत मोठ्या वाद्यवृंदाकडून सादर केले. त्याचे नाव देशाला कळले ते १९७७ च्या एका विनोदी गाण्यातल्या पात्रामुळे. ते नाव तिथे प्यारेलालने आपल्या गुरूसाठी ठेवले होते, हे गुणगुणणाऱ्यांपैकी थोड्यांनाच माहीत असते.

नावाची लढाई आपल्याकडे गायकांनीही लढली. 'महल'च्या (१९४९) गाण्याच्या तबकडीवर लता मंगेशकरांच्या जागी 'कामिनी' हे पात्राचे नाव होते. पुढे गायकांची नावे छापली जाऊ लागली आणि १९७४ मध्ये लताबाई रॉयल अल्बर्ट हॉलच्या मंचावर स्वतःच्या नावाने उभ्या राहिल्या. ही मोठीच गोष्ट होती. पण नावाचा तो हक्क गायकांपाशी येऊन थांबला. वादकांना प्रत्येक ध्वनिमुद्रणामागे हातात पैसे मिळत, आणि पैसे दिले की त्यांचा गाण्याशी संबंध संपला असे धरले जाई.

५. 'अलबेला' जवळून

सी. रामचंद्र म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर. त्यांचे शिक्षण नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे आणि पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांच्या गांधर्व महाविद्यालयात झाले. रागसंगीताची बैठक पक्की असलेला हा मराठी माणूस पाश्चात्त्य ठेक्यांकडे वळला तेव्हा त्याने एक शहाणपण केले. जे आपल्याला येत नाही ते ज्याला येते त्याला शेजारी बसवले. चिक चॉकलेट त्यांचा सहायक झाला.

१९५१ च्या 'अलबेला'त नाचगाण्यांचा दणका आहे आणि त्याच चित्रपटात लताबाईंची ती शांत अंगाई आहे. एकाच माणसाच्या हातून दोन्ही उतरले. 'शोला जो भडके' लक्ष देऊन ऐका. गाणे सुरू होण्याआधीच पितळी वाद्ये आणि चामड्याची वाद्ये एकमेकांना हाका देऊन घेतात. नायक भगवानदादांसाठी चितळकरांचा आवाज येतो, तो मुद्दाम सपाट, बोलल्यासारखा. त्याच्या प्रत्येक ओळीच्या शेपटाला ट्रम्पेट टोला देते. ओळ संपायच्या आत, किंचित आधी. लताबाईंच्या ओळींत मात्र ट्रम्पेट माघार घेते. प्रश्न-उत्तराची ही रचना विसाच्या दशकातल्या न्यूयॉर्कची आहे, चाल मात्र आपल्या कानाला परकी वाटत नाही, कारण तिचे वळण देशीच आहे. आणि 'दीवाना परवाना'त तर चिक चॉकलेट आणि त्याचे वादक झालरीच्या बाह्यांचे कपडे घालून पडद्यावरच येतात. ठेका धरणाऱ्यांत कावस लॉर्डसारखा पारशी वादक होता. पुणतांबे, हळदोणे आणि पारशी मुंबई हे तिघे एका गाण्यात भेटले आणि हिंदी पट्ट्यातल्या गल्लीबोळांत ते गाणे आपले म्हणून वाजू लागले.

माझ्या दृष्टीने 'अनारकली' आणि 'अलबेला' यांत वरचा-खालचा क्रम लावणेच चूक आहे. पहिल्यात संगीतकाराची चाल सर्वस्व आहे, दुसऱ्यात चाल आणि वाद्यमेळ यांचा बरोबरीचा संसार आहे. आपल्या समीक्षेला चालीबद्दल बोलता येते, रागाबद्दल बोलता येते, शब्दांबद्दल तर फारच बोलता येते. वाद्यमेळाबद्दल बोलायला तिच्याकडे भाषा नाही. म्हणून ती 'अलबेला'ला हलकेफुलके म्हणते. उणीव ऐकणाऱ्यात आहे.

६. आक्षेप पहिला: ही तर चोरी

काही ठिकाणी ती होतीच. 'समाधी'तल्या (१९५०) 'गोरे गोरे'ची चाल कार्मेन मिरांडाच्या 'चिको चिको' या गाण्यावरून आली, हे ऐकताच कळते. उसने घेतले तर तसे सांगावे, आणि त्या काळात ते कोणी सांगत नसे. हे झाकायचे मला कारण नाही.

पण या आक्षेपाचा पल्ला किती? चाल उचलता येते, स्विंग उचलता येत नाही. तबकडी ऐकून चालीचे स्वर अर्ध्या तासात उतरवता येतील. आठ जणांच्या रांगेला तो रेललेला ठेका शिकवायला वर्षे लागतात, आणि ती वर्षे गोवेकर वादकांनी ताज आणि ग्रीन्स या हॉटेलांच्या मंचांवर, अमेरिकी वादकांच्या मांडीला मांडी लावून घालवली होती. ती कमाई होती. शिवाय ज्याला आपण 'पाश्चात्त्यांचे' म्हणतो ते कोणाचे? आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्यांच्या वंशजांनी युरोपी वाद्यांवर घडवलेले हे संगीत. गोवेकरानेही वाद्य आणि स्वरलिपी घेतली ती एका साम्राज्याकडून. या दोघांची मुंबईत गाठ पडली तेव्हा मूळ मालक शोधणाऱ्याने कोणाच्या दारात जायचे?

चोरीचा आक्षेप घेणारे लोक खरी चोरी पाहत नाहीत याचे मला जास्त दुःख आहे. परक्या चालीच्या चार ओळींवर इतके लिहिले गेले, आणि ज्यांनी शेकडो गाण्यांचे तुकडे लिहिले त्यांचे कागद बहुतेक कोणी जपलेसुद्धा नाहीत. चिक चॉकलेट १९६७ मध्ये गेला, पन्नाशी जेमतेम उलटलेली असताना. त्याने 'अलबेला'साठी लिहिलेले पान आज कोणी वाजवायला मागितले तर द्यायचे कुठून?

७. आक्षेप दुसरा: गायकाशिवाय ऐकायला येणार कोण

हा आक्षेप जड आहे आणि याला मी अर्धी मान्यता देतो. सतरा वादकांना विमानाने नेणे, त्यांची राहण्या-जेवणाची सोय, वाद्यांचे सामान, हे सारे तिकिटावर निघायला हवे. ड्यूक एलिंग्टनसारख्या माणसालाही आपला वाद्यवृंद सांभाळायला स्वतःच्या गाण्यांच्या रॉयल्टीतून पैसे घालावे लागत. मोठ्या वाद्यवृंदाचा परदेशदौरा आज दोनच मार्गांनी होतो. सरकार पैसे देते, नाहीतर एखादा फार मोठा तारा.

सरकारी दौऱ्याचा दाखला आपल्याच देशातला आहे. १९६३ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याने एलिंग्टनला आशियात पाठवले. दिल्लीत तो आजारी पडून रुग्णालयात गेला आणि वाद्यवृंद त्याच्याविना वाजवत राहिला. त्याचा सहरचनाकार बिली स्ट्रेहॉर्न बरोबर होता, कागद सर्वांसमोर होते, रांगा वर्षानुवर्षांच्या होत्या. पुढे 'फार ईस्ट स्वीट'मध्ये स्ट्रेहॉर्नने दिल्लीत ऐकलेल्या मैनेची तान क्लॅरिनेटवर आणली. नायक खाटेवर आणि कार्यक्रम मंचावर, हे पॉप गायकाच्या दौऱ्यात होऊ शकत नाही. त्याचा घसा बसला तर तिकिटांचे पैसे परत करावे लागतात. या एका फरकात दोन रचनांचे सगळे अंतर दिसते.

तरी मी रॉबी विल्यम्सच्या बाजूला काही टाकतो. त्याचा आवाज सिनात्राइतका खोल नाही, त्याची गंमत कधीकधी गाण्याच्या वर चढते. पण त्याने आपल्या नावाच्या बळावर माणसांनी वाजवलेली पितळी वाद्ये देशोदेशी नेली आणि ज्या विशीतल्या मुलांनी पाच सॅक्सोफोन एकदम वाजताना कधी पाहिले नव्हते त्यांच्यासमोर ती उभी केली. त्याचे नाव तिकीट विकते आणि त्या पैशात रांग भरते. ताऱ्याचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही. त्याला नक्कल म्हणून झटकणाऱ्यांनी सांगावे, सतरा जणांचा खर्च दुसरे कोण उचलणार आहे?

८. आपले दौरे काय नेतात

आता स्वतःकडे पाहू. जुन्या हिंदी-मराठी गाण्यांचे कार्यक्रम घेऊन आपले गायक दरवर्षी परदेशी जातात. अमेरिकेत १९८१ पासून बृहन्महाराष्ट्र मंडळ आहे, आखातात आणि ऑस्ट्रेलियात मराठी मंडळे आहेत, ऐकणारे आहेत, तिकीट काढणारे आहेत. मंचावर जे दिसते ते बहुधा असे असते: दोन-तीन गायक, निवेदक, तबला-ढोलकी, ऑक्टोपॅड आणि एक किंवा दोन कीबोर्ड. ट्रम्पेट कीबोर्डमध्ये, सॅक्सोफोन कीबोर्डमध्ये, व्हायोलिनची पूर्ण रांग कीबोर्डमध्ये. कधी तर मागे नुसता ट्रॅक लावलेला असतो. 'अलबेला'चे गाणे आले की प्रेक्षक उठून नाचतात, आणि ज्या गोष्टीने ते नाचण्याजोगे झाले ती गोष्ट सभागृहात नसते. कीबोर्डवाला दहा बोटांनी पितळी रांगेचे स्वर दाबतो, पण श्वास घेऊन ओळ सोडणारी माणसे तिथे नाहीत. ठेका घड्याळासारखा सरळ पडतो.

'व्हिसाच्या खर्चात हे परवडत नाही' हे आयोजकांचे उत्तर मी समजू शकतो. पण मग 'मूळ गाण्याचा अनुभव' असे जाहिरातीत छापू नये. आणि परवडण्याचा दुसरा मार्गही कोणी नीट चाचपलेला दिसत नाही. मेलबर्न, लंडन, टोरांटो या शहरांत शाळा-महाविद्यालयांचे उत्तम बिग बँड आहेत. वादक नेण्याऐवजी कागद नेता येतो. चांगला लिहिलेला कागद समोर आला तर तिथली मुले दोन तालमींत 'शोला'चा पितळी भाग उभा करतील. ढोलकीवाला आणि गायक इथून जावा. अडचण एवढीच की कागद नाही, आणि तो पुन्हा लिहायला हवा. ध्वनिमुद्रण ऐकून एकेक आवाज वेगळा काढणारा माणूस लागतो, त्याला महिन्यांचे मानधन लागते. गायकाच्या एका फेरीच्या बिदागीहून ते जास्त असेल असे मला वाटत नाही.

९. खातीपुऱ्याच्या रस्त्यावरचा क्रम

मी जयपूरच्या पश्चिमेला, झोटवाड्याजवळच्या खातीपुऱ्यात राहतो. देवउठनी एकादशी झाली की इथे निकासीच्या, म्हणजे वराच्या, मिरवणुका सुरू होतात आणि संध्याकाळी ब्रास बँड रस्ता अडवतात. त्यांच्या गाडीवर दिव्यांच्या अक्षरांत बँडचे नाव असते. माइक हातात धरून गाणारा माणूस गाडीच्या कोपऱ्यात उभा असतो आणि त्याचे नाव कुठेच नसते. ट्रम्पेटवाले पुढे, युफोनियम मागे, आणि वराच्या घोडीजवळ आले की मास्टर हात वर करून लय चढवतो. पॉप संगीताने उलटा केलेला क्रम इथे सरळ आहे. गायक बदलला तरी वरात चालते.

यावर हुरळून जावे असे मात्र नाही. दिव्यातले नाव मालकाचे असते, गुडमनच्या पाटीसारखे. ट्रम्पेट फुंकणारा हंगामापुरता आलेला असतो आणि त्याला नाव विचारणारा कोणी नसतो. बँडचे नाव पुढे आले की वादकाला न्याय मिळाला, असे म्हणता येत नाही हे मला या रस्त्यावर कळते. म्हणून माझी मागणी पाटीवरच्या मोठ्या अक्षरांपाशी संपत नाही.

१०. मागणी

कायदा आता पुष्कळ पुढे आला आहे. आपल्या स्वामित्वहक्क कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलाकारांचे हक्क आले आणि २०१२ च्या दुरुस्तीने त्यांच्या सादरीकरणाच्या व्यापारी वापरातल्या रॉयल्टीवर त्यांचा वाटा मान्य झाला. कायद्याच्या व्याख्येत वादकही कलाकार आहे. पण ज्याचे नाव कोणत्याच नोंदीत नाही त्याने हा वाटा मागायचा कशाच्या आधारावर? नावाचा प्रश्न इथे मानापमानाचा राहत नाही, पैशाचा होतो.

म्हणून जुन्या गाण्यांचा दौरा काढणाऱ्या प्रत्येक गायकाने, त्यातही मराठी गायकाने, तीन गोष्टी कराव्यात असे मला वाटते. कार्यक्रमपत्रिकेत प्रत्येक गाण्यापुढे गीतकार-संगीतकाराबरोबर अरेंजरचे नाव छापावे. माहीत असेल तिथे ट्रम्पेट कोणाचे, सॅक्सोफोन कोणाचे, हेही छापावे. निदान एका गाण्यासाठी, एकाच गाण्यासाठी, पितळी वाद्यांची खरी रांग उभी करावी, मग बाकीचा कार्यक्रम कीबोर्डवर झाला तरी चालेल. आणि मंचावरच्या वादकांची ओळख शेवटी घाईघाईत, लोक पार्किंगकडे निघाले असताना करून देण्याऐवजी मध्यंतराआधी करून द्यावी, प्रत्येकाला आठ मात्रा एकट्याला वाजवायला देऊन. स्विंगमध्ये ती पद्धतच आहे.

सुरुवात 'अलबेला'पासून व्हावी आणि पहिला प्रयोग पणजीच्या कला अकादमीत, कारण हे संगीत वाचू आणि वाजवू शकणारे वादक आजही गोव्यात सर्वात जवळ सापडतील. तिथे बसलेला कार्यक्रम मग मुंबईला षण्मुखानंदमध्ये न्यावा, आणि नंतर लंडनला. चिक चॉकलेटच्या जागी जो ट्रम्पेटवाला बसेल त्याचे नाव पोस्टरवर गायकाच्या नावाएवढ्याच अक्षरांत असावे, आणि त्याच्या खालच्या ओळीत चिक चॉकलेटचे.